हौदा उंच की फाळका उंच?

पिकअप बघायला आलेला माणूस गाडीभोवती एक चक्कर मारतो, टायरला लाथ घालून बघतो, आणि मागे येऊन हौद्याच्या तळावर हात टेकवत म्हणतो, ‘लई उंच हाय की हो!’ निपाणीचा तंबाखूवाला असो की खानापूरचा भातवाला, तक्रार एकच. विकणारा त्यावर ‘उंच म्हणजे दणकट’ असं ठोकून देतो. दोघंही चुकतात, कारण दोघंही रिकाम्या गाडीकडे बघत असतात.

हौद्याची उंची कुठून येते ते खालून वर मोजत जाऊ. २१५/७५ आर १५ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७० सेंमी भरतो. म्हणजे चाकाचा मध्य जमिनीपासून ३५ सेंमीवर, आणि टायर थोडा दबतो म्हणून ३३ धरू. त्यावर मागच्या एक्सलच्या नळीचा वरचा अर्धा भाग ४ सेंमी, नळीवर बसलेले कमानपाटे (गाडी पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांची थप्पी, म्हणजे लीफ स्प्रिंग) ६ सेंमी. वर चासीचा दांडा १२, आणि हौद्याचे आडवे पट्टे व पत्रा मिळून ८. बेरीज ६३ सेंमी. मग प्रत्यक्षात ८१-८२ सेंमी का भरतात? उरलेले १८ सेंमी म्हणजे पाटे आणि चासी यांच्यामधली मोकळी हवा. सगळी गोम त्या हवेत आहे. (आकडे ढोबळ आहेत, गाडीगणिक दोन-चार सेंमी इकडेतिकडे होतात.)

या १८ पैकी निम्मी जागा भारासाठी असते आणि निम्मी खड्ड्यासाठी. हौद्यात १००० किलो माल चढला की पाटे साधारण ९ सेंमी दबतात आणि तळ ७२ वर येतो. राहिलेले ९ सेंमी चोर्ला घाटातल्या पावसाळी खड्ड्यांसाठी. तेही संपले की एक्सल रबरी बफरवर आदळतो आणि धक्का थेट चासीला बसतो.

पाटे कडक करून दबणंच कमी केलं तर? शाळेत शिकलेला हूकचा नियम इथे लागतो: जेवढा भार, तेवढ्या प्रमाणात दब. हेच १००० किलो ९ ऐवजी ४ सेंमीत पेलायचे, तर पाटे सव्वादोन पट कडक हवेत. हौदा ५ सेंमी खाली बसवता येईल, पण त्याची किंमत रिकाम्या गाडीत मोजावी लागते. स्प्रिंगवरच्या वस्तूची हिंदकळण्याची गती ताठरपणा भागिले वस्तुमान याच्या वर्गमुळावर ठरते. मागच्या बाजूला पाट्यांवर रिकामेपणी ५०० किलो असतील, तर मूळ गाडी सेकंदाला साधारण २.३ वेळा हिंदकळते. माल भरून १५०० झाले की १.४ वेळा. म्हणूनच भरलेली पिकअप पाळण्यासारखी चालते आणि रिकामी परतताना दात वाजवते. कडक पाट्यांवर रिकाम्या गाडीची गती ३.५ वर जाते. चाक रस्ता सोडून उडू लागतं, आणि उडालेल्या चाकाला ब्रेक लागत नाही.

ब्रेकवरून आठवलं. अनेक पिकअपच्या मागच्या एक्सलपासून चासीपर्यंत एक बारीक दांडी किंवा स्प्रिंग गेलेली दिसते. तिच्या टोकाला असलेला व्हॉल्व्ह भार ओळखतो. ओळखतो कसा, तर चासी आणि एक्सलमधलं अंतर बघून! अंतर जास्त म्हणजे गाडी रिकामी, मागच्या ब्रेकला दाब कमी द्या, नाहीतर हलकी मागची चाकं जाम होऊन गाडी फिरेल. अंतर कमी म्हणजे माल आहे, दाब वाढवा. आता गॅरेजमध्ये जादा पाटा घातला की भरलेली गाडीही पुरेशी दबत नाही. व्हॉल्व्ह तिला रिकामी समजतो, सगळा बोजा पुढच्या ब्रेकवर पडतो, आणि लांब उतारावर ते तापून पकड सोडतात. उलट, हौदा खाली आणायला पाट्यांची कमान उतरवली, तर रिकामी गाडी व्हॉल्व्हला भरलेली वाटते आणि पहिल्या पावसात मागून घसरते. दोन्ही बदलांत व्हॉल्व्हची दांडी पुन्हा जुळवून घ्यावी लागते, आणि गॅरेजात नेमकं तेच राहून जातं. मग अपघात झाला की नजर लागली म्हणायचं. बंपरला लिंबू-मिरची बांधायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात ही दांडी वाकलेली किंवा गंजून जाम झालेली आहे का, हे वाकून बघता येतं.

आता पाठीचा हिशेब. अमेरिकेतल्या नायोश या कामगार-आरोग्य संस्थेने १९९१ साली वजन उचलण्याचं आपलं सूत्र सुधारलं. त्यात बाकी सगळं अनुकूल असताना २३ किलोची मर्यादा आहे, आणि हातांची सगळ्यात सोयीची उंची ७५ सेंमी धरली आहे. आपला हौदा रिकामा ८१, भरलेला ७२! उंची ९० सेंमी झाली तरी मर्यादा २२ किलोपर्यंतच उतरते. पण हात शरीरापासून पुढे किती लांबवावे लागतात, याची शिक्षा जबर आहे: घोट्यांपासून २५ सेंमीपर्यंत काही कपात नाही, ५० सेंमीवर मर्यादा थेट निम्मी.

म्हणून खरा गुन्हेगार तळ नसून बाजूची भिंत, म्हणजे फाळका, आहे. डबल केबिनच्या ऐटबाज पिकअपमध्ये बाजूच्या भिंती न पडणाऱ्या आणि सुमारे अर्धा मीटर उंच असतात. तिथे क्रेट १३० सेंमीवरून, हात लांब करून आत सोडावा लागतो. सूत्राप्रमाणे मर्यादा १० किलोच्याही खाली येते. जाहिरातीत त्या भिंती रुबाबदार दिसतात, एवढाच त्यांचा उपयोग. मालासाठी तिन्ही फाळके पडणारा सपाट हौदा घ्यावा, मग तो चार सेंमी जास्त उंच का असेना.

आणि बेळगावच्या मार्केट यार्डात तर उलटंच गणित आहे. रताळ्यांचं ५० किलोचं पोतं (सूत्राच्या दुप्पटीहून जास्त, हे वेगळं सांगायला नको) हमाल पाठीवरून आणतो. त्याला फाळक्याकडे पाठ करून पोतं सोडायचं असतं. त्याच्यासाठी कमरेच्या वरचा हौदा सोयीचा. ठेंगणा असेल तर ओझ्यासकट गुडघे मोडावे लागतात. टोमॅटोचे क्रेट पोटाशी धरून चढवणाऱ्याला मात्र ठेंगणाच बरा.

उंच हौद्याने गाडी उलटते, ही भीती थोडी खरी आहे. १७०० किलोच्या गाडीत १२०० किलो माल एक मीटर उंच रचला आणि हौदा १० सेंमी खाली घेतला, तर एकूण गुरुत्वमध्य फक्त ४ सेंमी उतरतो. तेवढाच माल पसरट न रचता १६० सेंमी उंच रचला, तर गुरुत्वमध्य १२ सेंमी चढतो. निपाणीच्या तंबाखूच्या उंच थप्पीपुढे हौद्याची उंची किरकोळ आहे.

स्वतःच्या गाडीचं माप घ्यायचं तर वजनकाट्यासारखी सपाट फरशी गाठा. आधी चारही टायरची हवा नीट करा. रिकाम्या गाडीत मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर जमिनीपासून तळापर्यंत मोजा, माल भरून पुन्हा मोजा. भरल्यावर लगेच मोजू नका. पाटे एकमेकांवर घासून अडकतात, म्हणून गाडी वीस फूट पुढे-मागे घेऊन मग टेप लावा. दोन कोपऱ्यांत दीड-दोन सेंमीहून जास्त फरक आला, तर खचलेल्या बाजूचा पाटा तुटलाय का, पाटे एक्सलला आवळणारे यू-बोल्ट ढिले आहेत का ते तपासा. पाटा बहुधा मधल्या बोल्टच्या भोकापाशीच तुटतो, आणि तिथे यू-बोल्टची पट्टी असल्याने चीर वरून दिसत नाही.