ट्रेल आणि एंड्युरो मोटारसायकली

डांबरी रस्ता सोडून पांदण, मुरमाड वाट, नदीपात्र अशा जागी चालवायच्या दुचाक्यांचे दोन प्रकार. नागपूरच्या गॅरेजांत दोन्हींना सरसकट ‘ऑफरोड गाडी’ म्हणतात. पासिंगच्या दृष्टीने मात्र त्यांच्यात मूलभूत फरक आहे : ट्रेल ही नोंदणी होऊन रस्त्यावरही चालणारी गाडी, एंड्युरो मुळात शर्यतीची. ‘ट्रायल’ हा तिसरा प्रकार केवळ नावामुळे ट्रेलशी मिसळला जातो. ती उभ्याने चालवायची, जेमतेम सीट असलेली कसरतीची गाडी होय.

‘एंड्युरो’ या शब्दाविषयी मतभेद आहेत. इंग्रजी ‘एन्ड्युरन्स’ला स्पॅनिश वळणाचा शेवट जोडून तो अमेरिकेत घडला, असे एक मत, स्पॅनिश व इटालियन भाषांतील ‘दुरो’ म्हणजे कठीण, त्यावरून तो आला, हे दुसरे. लॅटिन ‘दुरुस’पाशी दोन्ही वाटा मिळतात. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील जॅक पाइन ही एंड्युरो शर्यत १९२० च्या दशकातली. युरोपात मात्र अशा शर्यतींसाठी दीर्घकाळ ‘ट्रायल’ हाच शब्द चालला. इंग्लंडमधील कार्लाइल येथे १९१३ मध्ये सुरू झालेल्या ‘इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायल’च्या नावात ‘एंड्युरो’ आले ते १९८१ मध्ये. हा क्रम पाहता पहिले मत अधिक ग्राह्य ठरते. ट्रेल प्रकाराचा उगम सामान्यतः यामाहाच्या डीटी-१ (१९६८, २४६ सीसी, टू-स्ट्रोक) या गाडीशी जोडतात. रस्त्याच्या गाड्यांत फेरफार करून कच्च्यात नेण्याची रीत त्याआधीची आहे; डीटी-१ मुळे तशी गाडी थेट कारखान्यातून, मोठ्या प्रमाणावर मिळू लागली.

एंड्युरो स्पर्धेत दोन कसोट्यांमधले अंतर पुष्कळदा सार्वजनिक रस्त्यावरून कापायचे असते. म्हणून या गाडीला दिवा आणि नंबरप्लेटची जागा मुळातच असते, मोटोक्रॉसच्या, म्हणजे बंदिस्त मातीच्या ट्रॅकवरील शर्यतीच्या, गाडीला ती नसते. इंजीन मात्र शर्यतीचेच. ऑइल बदलण्याचा हिशेब किलोमीटरमध्ये नव्हे, तासांत ठेवतात. युरोपीय संघाच्या १६८/२०१३ या नियमावलीने एंड्युरोची मापेच ठरवली आहेत : सीटची उंची किमान ९०० मिमी, जमिनीपासून अंतर किमान ३१० मिमी, वजन १४० किलोपर्यंत, मागे बसायची सोय नाही. या मापाने हिरो एक्सपल्स २०० ४व्ही प्रो (सीट ८९१ मिमी, जमिनीपासून अंतर २७० मिमी) उणी पडते. ती आणि रॉयल एनफिल्ड हिमालयन (२०१६ पासून) ट्रेलच्या बाजूलाच धरणे योग्य.

या गाड्यांच्या उंच पुढच्या मडगार्डचे कारण विदर्भातल्या काळ्या मातीत लगेच समजते. पावसाळ्यात हिंगणा किंवा उमरेडकडच्या पांदणीत ही माती टायरला गुंडाळत जाते, मडगार्डखालच्या फटीत ठासून बसते आणि चाक फिरेनासे होते. मग उतरून काडीने माती उकरावी लागते आणि पुढच्या वीस पावलांवर पुन्हा तेच.

‘लाइट, हॉर्न, आरसे लावले की पासिंग होते’ हा समज चुकीचा आहे आणि खरेदीदाराला महागात पडतो. भारतात मान्यता सुट्या भागांना मिळून भागत नाही, ती मॉडेलला लागते : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ नुसार पुण्याच्या एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) सारख्या संस्थेकडून नमुना तपासून घ्यावा लागतो. कावासाकीच्या केएक्स मालिकेतील गाड्या भारतात रीतसर विकल्या जातात, तरी त्यांची नोंदणी होत नाही. अशी गाडी पिकअपमध्ये बांधून खासगी जागेत न्यावी. विनानोंदणी रस्त्यावर आणल्यास पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये दंड आहे.

उलट बाजूचा प्रमाद अधिक आढळतो. नोंदणी झालेल्या ट्रेल गाडीचे आरसे, साडीगार्ड, मूळ सायलेन्सर काढून तिला एंड्युरोचे रूप देतात. साडीगार्ड नियम १२३ ने आवश्यक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलाला मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात त्याचा कडक अर्थ लावला. स्पर्धेसाठी काढलेले भाग जपून ठेवावेत आणि रस्त्यावर येण्याआधी परत बसवावेत.

नागपूर परिसरातील नोंदणी एमएच-३१ (शहर), एमएच-४० (ग्रामीण) आणि एमएच-४९ (पूर्व) या क्रमांकांत होते. नोंदणी असली तरी पेंचसारख्या व्याघ्र प्रकल्पात दुचाकी नेण्याचा हक्क मिळत नाही. तेथील प्रवेश वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली नियंत्रित आहे.