शिलरची कविता आनंदाचीच होती

जर्मन संगीतकार बेटोफनच्या नवव्या सिंफनीतील (वाद्यवृंदासाठीच्या दीर्घ रचनेतील) समूहगायन जर्मन कवी शिलरच्या ज्या कवितेवर आधारले आहे, ती मुळात ‘स्वातंत्र्यास’ उद्देशून होती आणि सेन्सॉरच्या धाकाने तिथे ‘आनंद’ आला, अशी कथा एकोणिसाव्या शतकापासून सांगितली जाते; बर्लिनची भिंत खुली झाल्यावर 1989 च्या नाताळात अमेरिकी वाद्यवृंद-संचालक लिओनार्ड बर्नस्टाईन यांनी बर्लिनमध्ये ‘स्वातंत्र्य’ हाच शब्द गाऊन घेतल्याने तिला नवे बळ मिळाले. तो प्रसंग हृद्य होता, पण कथेला आधार देणारे कोणतेही हस्तलिखित उपलब्ध नाही. 1785 मध्ये लिहिलेली ही कविता 1786 मध्ये शिलरच्याच नियतकालिकात आनंदाला उद्देशूनच छापली गेली. शिवाय त्या पहिल्या पाठात ‘भिकारी राजपुत्रांचे बंधू होतील’ अशी धीट ओळ होती, आणि सेन्सॉरच्या धाकाने शब्द बदलला असता तर ही ओळ तशीच राहिली असती, हे मला पटत नाही. ‘सारी माणसे बंधू होतील’ हा सौम्य बदल शिलरने नंतरच्या पाठात केला. बेटोफनने तोच पाठ घेऊन त्यातील निवडक कडवी आपल्या क्रमाने रचली, आणि 7 मे 1824 रोजी व्हिएन्नात ती प्रथम गायली गेली.