गच्चीवर 'सोलर' आहे म्हणजे नक्की काय आहे, हीटर की पॅनल?

आमची ठाण्यातल्या वर्तकनगरची सोसायटी, सात मजले, २८ फ्लॅट. मागच्या मीटिंगला सोलर बसवायचा विषय निघाला तर दुसऱ्या मजल्यावरच्या काकू लगेच म्हणाल्या, "अहो, आपल्याकडे सोलर आहे की वरती, मग परत कशाला? आणि आहे तर लिफ्टचं बिल एवढं का येतं?" प्रश्न अगदी बरोबर होता, कारण आपण दोन्हीला नुसतं सोलर म्हणतो. मीटिंगमधल्या निम्म्या लोकांच्या डोक्यात हाच घोळ होता म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आमच्या गच्चीवर आहे तो सोलर वॉटर हीटर. काचेच्या काळ्या नळ्यांची रांग आणि तिच्या वरच्या टोकाला आडवी टाकी. उन्हाने नळीतलं पाणी तापतं, तापलं की हलकं होऊन वर टाकीत चढतं आणि टाकीतलं गार पाणी खाली नळीत उतरतं, पंप लागत नाही, वायर लागत नाही. यात वीज तयारच होत नाही हो, त्यामुळे लिफ्टशी त्याचा काही संबंध नाही. दुसरं ते सोलर पॅनल, सपाट, निळसर काळे. त्याच्यावर उजेड पडला की बॅटरीसारखा डीसी करंट निघतो, इन्व्हर्टर नावाचा डबा त्याचा घरात चालणारा एसी करतो, आणि नेट मीटर असला की वापरून उरलेली वीज महावितरणच्या लाईनीत जाते आणि तेवढे युनिट बिलातून वजा होतात. ओळखायचं सोपं, वरच्या बाजूला टाकी दिसली तर हीटर.

गंमत म्हणजे हीटरला ऊन जेवढं कडक तेवढं चांगलं, पण पॅनलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. २५ डिग्रीच्या वर पॅनल जसं तापत जातं तसं प्रत्येक डिग्रीला उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्के पडतं.

आता मीटिंगमध्ये एकाचं म्हणणं होतं की हीटर काढून टाका, सगळीकडे पॅनल लावा आणि त्या विजेवर ज्याने त्याने गिझर चालवा. ऐकायला बरं वाटतं पण हिशोब बघा. १०० लिटर पाणी २५ डिग्रीवरून ६० वर न्यायला साधारण ४ युनिट ऊर्जा लागते. चांगल्या उन्हात एवढं काम सपाट प्लेटवाल्या हीटरचा (नळ्यांऐवजी काचेखाली काळी प्लेट असलेला प्रकार) २ चौरस मीटरचा कलेक्टर, म्हणजे ऊन घेणारा भाग, करतो, म्हणजे २१-२२ स्क्वेअर फूट, टाकीची जागा वेगळी. तेवढेच ४ युनिट पॅनलने काढायचे तर १ किलोवॅटची सिस्टीम लागते आणि मधली चालायची जागा धरून जवळजवळ १०० स्क्वेअर फूट गच्ची जाते. कारण आजची पॅनल उन्हातला साधारण पाचवा हिस्साच विजेत बदलतात, हीटर अर्धा किंवा जास्तही पाण्यात उतरवतो. ठाण्यात गच्ची केवढी असते, त्यात पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, डिशच्या छत्र्या आणि शेजारच्या टॉवरची सावली, त्यामुळे हा फरक माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे.

पण पॅनलची बाजूही आहे. एप्रिल-मे मध्ये इथल्या उकाड्यात गरम पाणी कोणाला हवंय? हीटर तेव्हाच सगळ्यात जोरात चालतो आणि ते पाणी नुसतं टाकीत पडून राहतं. पॅनलचे जास्तीचे युनिट मात्र पुढच्या बिलात जमा होतात आणि ३१ मार्चला वर्षाचा हिशोब होतो. पावसाळ्यात दोन्ही मंदावतात, तरी पॅनल ढगातल्या उजेडावर थोडंफार देत राहतं, हीटरचं पाणी कोमट निघतं आणि मग गिझर लावावाच लागतो. आणि लाईट गेली की बॅटरी नसलेलं साधं ऑनग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाईनीला जोडलेलं, पॅनल भर उन्हातही बंद पडतं, म्हणजे लाईनीवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून ते मुद्दाम तसंच केलेलं असतं. हीटरच्या टाकीत मात्र पाणी गरमच.

आता देखभाल, इथे मी स्वतः चूक बघितली आहे. पाणीपुरवठ्याच्या शटडाऊनचा दिवस होता, वरची टाकी रिकामी, नळ्या सकाळपासून कोरड्या तापत होत्या. दुपारी दोनला टँकर आला, पंप चालू केला आणि गार पाणी त्या तापलेल्या काचेत शिरलं, तीन नळ्या तडकल्या, आवाज खालपर्यंत आला. तेव्हापासून नियम केलाय की कोरडी सिस्टीम दुपारी भरायची नाही, संध्याकाळी ऊन उतरल्यावर किंवा पहाटे. नळी आतून गेलीय का हेही बघता येतं. नळी दुहेरी काचेची असते, त्या दोन काचांच्या मध्ये व्हॅक्यूम, म्हणजे हवा काढलेली पोकळी, असतो आणि नळीच्या खालच्या टोकाला आरशासारखा चंदेरी लेप असतो, तो दुधासारखा पांढरा झाला की व्हॅक्यूम गेला समजायचं. भर दुपारी बाहेरून हात लावला तर चांगली नळी फार तापलेली लागत नाही, गेलेली चटका देते. आमच्याकडे अशा सात सापडल्या, तोवर सगळे म्हणत होते की सोलर आता म्हातारं झालं. पॅनलला यातलं काही नाही, फक्त धूळ आणि कबुतरांची घाण, सकाळी लवकर साध्या पाण्याने धुवायची. मात्र सावलीचं जपावं लागतं, एका पॅनलवर सावली पडली तरी त्याच्याबरोबर जोडलेल्या बाकीच्यांचंही उत्पादन पडतं.

सबसिडीतही घोळ होतो. २०२४ मध्ये सुरू झालेली पीएम सूर्यघर योजना ही विजेच्या पॅनलसाठी आहे, पाण्याच्या हीटरसाठी नाही. स्वतंत्र घराला ३ किलोवॅट आणि वर जास्तीत जास्त ७८,००० रुपये, सोसायटीच्या कॉमन वापराला किलोवॅटमागे १८,०००.

म्हणून मी मीटिंगमध्ये स्पष्ट सांगितलं की हीटर काढायचा नाही, गेलेल्या नळ्या बदलायच्या. पॅनल लावायचे ते लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी, कॉमन मीटरवर, आणि ते उरलेल्या जागेत जेवढे बसतील तेवढेच. पाचव्या मजल्यावरचे काका टेप घेऊन वर आले, आम्ही दुपारी चार वाजता टॉवरची सावली कुठपर्यंत येते ती खडूने आखून ठेवली.

काकूंची खरी अडचण मात्र वेगळीच निघाली. त्यांच्या नळाला गरम पाणी यायच्या आधी दीड बादली गार पाणी सोडावं लागतं, कारण वरून खालपर्यंतचा पाइप उघडाच आहे, कव्हर कधीच फाटून गेलंय. त्याला ना पॅनल उपयोगाचं ना नवीन नळ्या. रविवारी प्लंबर येतोय, पाइपला नवीन कव्हर घालायचा खर्च तो सांगणार आहे.