सनविवि आणि सानविवि एक नव्हेत

'पत्राच्या सुरुवातीला सनविवि लिहा की सानविवि, अर्थ एकच, काना चुकून पडलेला आहे,' असं नागपुरात मी लहानपणापासून ऐकत आलेय. नाही हो, त्या कान्यातच सगळा मान आहे!

स.न.वि.वि. म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष. हा बरोबरीच्या माणसाला, मित्राला, ओळखीच्याला. सा.न.वि.वि. मध्ये 'सा' म्हणजे साष्टांग. हा नमस्कार आईवडील, आजोबा, गुरुजी अशा वडीलधाऱ्यांना. लहानांना तर नमस्कारच नाही, त्यांना अ.उ.आ., म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद. आणि 'विनंती विशेष'चा अर्थ, नमस्कार झाला, आता सांगायचं ते असं. म्हणून त्याच्या पुढे लगेच मजकूर सुरू होतो.

परवा नागपूरच्या महाल भागात भाचीने साखरपुड्याचं पत्र लिहिलं. वर 'ती. काकाजींना' आणि खाली 'स.न.वि.वि.'. मी तिच्याच पेनाने 'स'ला काना द्यायला लावला. काकाजी ऐंशीचे आहेत, काना नाही हे त्यांना नक्की दिसलं असतं.

महापालिकेच्या अर्जात मात्र यातलं काहीच नको. विषय, 'महोदय', मजकूर आणि शेवटी 'आपला विश्वासू', बाई असेल तर 'आपली विश्वासू'.