फोटोतला कुर्ता कुणाच्या उंचीचा?

शॉपिंग ॲपवर कुर्त्याच्या वर्णनात लिहिलेलं असतं : लांबी 46 इंच. म्हणजे 117 सेंटिमीटर. शेजारच्या फोटोत तो कुर्ता पोटरीच्या मध्यावर थांबलेला असतो आणि खाली पायजम्याची चांगली वीतभर पट्टी मोकळी दिसते. आता जरा हिशेब मांडू. माणसाचा खांदा जमिनीपासून त्याच्या उंचीच्या सुमारे 82 टक्क्यांवर असतो आणि उंच असो वा ठेंगणं, हे प्रमाण फारसं बदलत नाही. कपडे दाखवणाऱ्या मॉडेल मुली बहुधा 172 ते 178 सेंटिमीटर उंच असतात. 175 धरली, तर खांदा 143 वर येतो आणि कुर्त्याची कड जमिनीपासून 26 सेंटिमीटर वर राहते. भारतीय स्त्रीची सरासरी उंची मात्र 152 सेंटिमीटरच्या आसपास आहे. तिचा खांदा 125 वर, आणि कड जमिनीपासून जेमतेम 8 सेंटिमीटर वर. धरमपेठेतल्या अशा सरासरी उंचीच्या बाईंनी पार्सल उघडून कुर्ता घातला की तो घोट्यापाशी येतो. ‘काहून बाप्पा, हा तर गाऊनच निघाला!’ हे उद्गार मग नागपुरातल्या बऱ्याच घरांत ऐकू येतात.

यात कुर्ता खोटा नाही, 46 इंचही खोटे नाहीत. काही दुकानं मॉडेलची उंचीही देतात. तेव्हा एक सोपं सूत्र वापरता येतं : तिची उंची वजा तुमची उंची, त्याचे चार पंचमांश. तेवढी कड तुमच्याकडे फोटोपेक्षा खाली येणार. वरच्या उदाहरणात फरक 23 सेंटिमीटरचा, म्हणजे कड 18-19 सेंटिमीटर खाली. पाच फुटांच्या बाईला हे कळण्यासाठी शास्त्रज्ञ व्हायची गरज नाही. पण उंची लिहिलेलीच नसेल तर सूत्र घेऊन करायचं काय?

त्यात कॅमेराही भर घालतो. जवळची वस्तू मोठी आणि दूरची लहान दिसते, हा नियम शरीराच्या अवयवांनाही लागू आहे. हात वर करून आपण सेल्फी काढतो तेव्हा डोकं मोठं आणि पाय आखूड दिसतात, कारण पाय लेन्सपासून खरोखरच दूर असतात. स्टुडिओत कॅमेरा लांब आणि कमरेच्या उंचीवर ठेवतात, कधी आणखी खाली. मग पाय लांबसडक. फोटोत कुर्ता मुळात असतो त्याहून आखूड वाटतो, ते यामुळेही.

आणि पाठ? पाठ फोटोत क्वचितच दिसते, कारण तिथे बहुधा चाप लावलेले असतात. कपडा मॉडेलला सैल झाला की मागून गोळा करून चापात धरायचा, ही फोटो स्टुडिओतली जुनी रीत आहे. मागून ताण बसला की पुढच्या चुण्या निघून जातात आणि कपडा अंगाबरोबर शिवल्यासारखा दिसतो. ‘मॉडेलने साइझ एस घातला आहे’ या वाक्याला मग फार अर्थ उरत नाही. बिनडोक्याचे, बिनहातांचे, हवेत तरंगणारे शर्ट दिसतात त्यांची कथा वेगळी : ते पुतळ्यावर चढवून फोटो काढतात, नंतर संगणकावर पुतळा पुसतात आणि गळ्याच्या आतली बाजू दुसऱ्या फोटोतून आणून चिकटवतात. म्हणजे अंग नाहीच, तरी बसलाय मात्र छान.

साइझ एस, एम, एल हे आले कुठून, ही गोष्टही मजेशीर आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने 1939-40 मध्ये सुमारे 15,000 स्त्रियांची प्रत्येकी 59 मापं घेतली आणि 1941 मध्ये ती प्रसिद्ध केली. कृषी खात्यानेच का, तर गृहविज्ञान विभाग त्यांच्याकडे होता. मोजणी प्रचंड होती, पण नमुना एकांगी होता. गोऱ्या नसलेल्या स्त्रियांची मापं विश्लेषणातून वगळली होती. पुढे 1958 मध्ये या आकडेवारीवर तिथला तयार कपड्यांचा मानक तक्ता उभा राहिला. तो कुणी फारसा पाळेना, म्हणून 1983 मध्ये तो मागेही घेतला गेला. भारतात असा स्वतःचा तक्ता नव्हताच. आपल्या बऱ्याच कंपन्या अमेरिकन किंवा ब्रिटिश तक्ते थोडे ओढूनताणून वापरत आल्या. ही उणीव भरून काढायला राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने म्हणजे ‘निफ्ट’ने ‘इंडियासाइझ’ हा प्रकल्प हाती घेतला. 15 ते 65 वयाच्या 25,000 जणांची मापं त्रिमितीय स्कॅनरने सहा शहरांत घ्यायची, असा त्याचा आराखडा. यादीत मुंबई, दिल्ली, कोलकाता, शिलाँग आहेत. नागपूर नाही. विदर्भाचं माप मुंबईच्या मापात आलंच असेल असं समजायचं.

माप जुळलं तरी एक गोंधळ उरतोच. तक्त्यात ‘छाती 38’ लिहिलं असेल तर ती बाईची छाती की कुर्त्याची? नागपूरच्या महाल भागातल्या कुठल्याही टेलर मास्तरांना विचारा. विणलेलं, न ताणणारं कापड असेल तर अंगाच्या मापावर दोन-चार इंच सैल धरावेच लागतात, नाहीतर हात वर करता येत नाही. मास्तर हे न सांगता धरतात. वेबसाइटवरचा तक्ता कधी अंगाचा असतो, कधी कपड्याचा, आणि कुठला आहे हे बऱ्याचदा लिहायचं राहून जातं. माझ्या मते बाकी सगळं माफ, पण हे नाही. एक ओळ लिहायला काय पैसे पडतात?

आता कापडाकडे येऊ, कारण फोटोत सर्वांत जास्त हरवतं ते तेच. इतवारी किंवा गांधीबागेतल्या दुकानात बसलेल्या बाया काय करतात ते आठवा. ठाण उलगडायला लावतात, कापड मनगटावर टाकून बघतात, मुठीत चुरगळून सोडतात, मग उजेडात दाराशी नेतात. यातली प्रत्येक हालचाल म्हणजे प्रयोगशाळेतली एकेक चाचणी आहे, हे बहुतेकींना ठाऊक नसतं आणि त्याने काही अडतही नाही.

मनगटावर कापड टाकणं म्हणजे त्याचं पडणं बघणं. दुकानदार यालाच ‘फॉल’ म्हणतात. मँचेस्टरच्या कापूस संशोधन संस्थेतले फ्रेडरिक पिअर्स यांनी 1930 मध्ये हे पडणं आकड्यांत धरलं. त्यांची पद्धत फारच साधी होती. कापडाची पट्टी टेबलाच्या कडेबाहेर हळूहळू सरकवायची. स्वतःच्या वजनाने ती वाकत जाते. तिचं टोक आडव्या रेषेखाली 41.5 अंशांपर्यंत झुकलं की थांबायचं आणि बाहेर आलेली लांबी मोजायची. तिच्या निम्मी म्हणजे त्या कापडाची ‘वाक-लांबी’. खळ दिलेलं सुती कापड लांबवर ताठ राहतं, जॉर्जेट कडेवरून लगेच घसरतं. पुढे आणखी एक उपकरण आलं. त्यात 30 सेंटिमीटर व्यासाचं गोल कापड 18 सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीवर ठेवतात आणि खाली लोंबणाऱ्या घड्यांची सावली मोजतात. सावली जितकी लहान, तितकं कापड सुळसुळीत.

यात झुंज दोन गोष्टींची असते : कापडाचा वाकायला होणारा विरोध आणि त्याचं वजन. एकाच फोटोतून दोन्ही ओळखता येत नाहीत. जाड, जड कापडाची घडी आणि पातळ पण कडक कापडाची घडी फोटोत सारखी दिसू शकते. शिवाय मॉडेलच्या अंगावरचा कुर्ता कोरा, वाफेची इस्त्री केलेला असतो. पहिल्या धुण्यात खळ जाते, धागे सैलावतात आणि कापडाचं वागणंच बदलतं. सुती कापड आटतं ते वेगळं. 46 इंची कुर्ता चार टक्के आटला तर जवळपास दोन इंच गेले. पाच फुटांच्या बाईला मात्र तेवढाच दिलासा.

दाराशी उजेडात नेणं ही दुसरी चाचणी, आणि तिच्यामागचं विज्ञान फार सुंदर आहे. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकू पेशी तीन प्रकारच्या असतात. डोळ्यात शिरलेल्या सगळ्या प्रकाशलहरींचा हिशेब मेंदूला तीनच आकड्यांत मिळतो. त्यामुळे दोन वेगळे रंगद्रव्य-मेळ एका प्रकाशात तंतोतंत सारखे दिसू शकतात आणि दुसऱ्या प्रकाशात साफ वेगळे. ब्लाउज पीस दुकानातल्या ट्यूबखाली साडीला जुळतो आणि अंगणात आल्यावर विजोड वाटतो, तो याचमुळे. पिवळसर बल्बचा प्रकाश सुमारे 2700 केल्विनचा (हे प्रकाशाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका तो पिवळा), दुपारच्या उन्हाचा सुमारे 5500 चा. कॅमेरा पांढरा रंग कुठला ते अंदाजाने ठरवतो आणि बाकीचे रंग त्यानुसार सरकवतो. फेब्रुवारी 2015 मध्ये एका ड्रेसच्या फोटोवरून जगभर वाद झाला होता : निळा-काळा की पांढरा-सोनेरी? ड्रेस निळा-काळाच होता. प्रकाश कसला आहे याचा अंदाज ज्याच्या त्याच्या मेंदूने आपापल्या परीने बांधला आणि घराघरांत भांडणं लागली.

मग पडदा. संगणकाचे बहुतेक पडदे 1996 मध्ये ठरलेली ‘एसआरजीबी’ ही रंगमर्यादा पाळतात. डोळ्याला दिसणाऱ्या रंगछटांपैकी साधारण एक तृतीयांशच तिच्यात मावतात. गडद मोरपंखी आणि काही झगझगीत हिरवट निळे रंग तिच्याबाहेर पडतात. ते दाखवताच येत नाहीत, म्हणून जवळचा रंग लावला जातो. महागडे फोन याहून जास्त रंग दाखवतात, काही फोन मुद्दाम भडक दाखवतात. रात्री पिवळी छटा चालू असेल तर विचारूच नका.

त्यावर कडी म्हणजे जेपीईजी. फोटोचा आकार लहान करताना हे तंत्र उजेड-अंधाराचा तपशील जपतं आणि रंगाचा तपशील बराचसा टाकून देतं. बहुधा चार ठिपक्यांत मिळून एकच रंग साठवतं. माणसाचे चेहरे, डोंगर, आकाश यांत ते कळतही नाही, कारण रंगाची बारीक किनार ओळखण्यात आपला डोळाही कच्चाच असतो. पण एका धाग्याच्या जाडीची लाल रेघ पिवळ्यावर असेल तर ती शेजारी पसरते. बारीक चौकडींत कधी नसलेल्याच लाटा दिसू लागतात.

विदर्भाची करवतकाठी साडी यात सर्वांत जास्त अडचणीत येते. काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते आणि अंग टसरचं. दाते म्हणजे दोन रंगांची बारीक, तीक्ष्ण सीमा. जेपीईजी नेमकी तीच मऊ करतं. टसरची चमक तर कोनावर अवलंबून असते. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असेल तर कापड धूपछाव होतं, चालताना निऱ्यांमध्ये रंग फिरत राहतो. फोटो एका जागी थांबून एकाच कोनातून घेतलेला. पाच-दहा सेकंदांचा हलता व्हिडिओ यापेक्षा कितीतरी जास्त सांगतो, आणि तो काढणं आता महागही राहिलेलं नाही.

नागपूरकरांसाठी आणखी एक प्रश्न आहे, जो फोटो विचारूच देत नाही. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की हे कापड घामाचं काय करणार? कापसाचा धागा नेहमीच्या दमट हवेत वजनाच्या सुमारे 8.5 टक्के ओलावा धरून ठेवतो, पॉलिएस्टर जेमतेम 0.4 टक्के. पॉलिएस्टरला पाणी आत जवळजवळ घेताच येत नाही. विणीत पोकळी नसेल तर घाम अंगावरच चिकटून राहतो. एसी स्टुडिओत उभ्या मॉडेलच्या चेहऱ्यावर यातलं काही उमटत नाही. जुने कापडवाले एक धागा ओढून काडी लावत. कागद जळल्यासारखा वास आणि राख म्हणजे सूत. वितळून कडक मणी झाला की पॉलिएस्टर. ॲपवर काडी कुठे लावणार? तिथे ‘प्रीमियम सॉफ्ट कॉटन ब्लेंड’ असं लिहिलेलं असतं. ब्लेंडमध्ये किती टक्के काय, हे शोधावं लागतं.

हे खटकतं, कारण आकडे अस्तित्वात असतात. याच शहरात 1976 पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. तिथे कापसाच्या तंतूची लांबी, बारीकपणा, ताकद हे सगळं मोजलं जातं. कापसाच्या भावात तंतूची लांबी धरली जाते. गिरणीत कापडाचं वजन ग्रॅम प्रति चौरस मीटरमध्ये नोंदलं जातं, त्यावरच व्यवहार होतो. 1877 मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलच्या या गावाला ते नवीन नाही (मिलच्या जागी आता मॉल आहे, ते असो). बोंडापासून ठाणापर्यंत आकडे सोबत चालतात आणि ग्राहकाच्या पडद्यावर पोचताना त्यांच्या जागी एक हसरी मुलगी येऊन उभी राहते. 110 ग्रॅमचं कापड की 180 चं, एवढं लिहिलं तरी पांढरा कुर्ता आरपार दिसेल की नाही याचा निम्मा अंदाज बांधता येईल.

आता ती मुलगीही खरी असेलच असं नाही. एच अँड एमने 2011 मध्येच संगणकावर बनवलेल्या एकसारख्या शरीरांवर खऱ्या मॉडेलचे चेहरे बसवले होते आणि ते कबूलही केलं होतं. आजची कृत्रिम बुद्धिमत्ता याच्या पुढे गेली आहे : तुमचा फोटो द्या, कुर्ता तुमच्या अंगावर दाखवतो. दिसायला ते थक्क करणारं आहे. पण अशी बरीच साधनं कापडाचं भौतिकशास्त्र सोडवत नाहीत. लाखो जुने फोटो बघून ‘असा कुर्ता साधारण असा दिसतो’ एवढं ती शिकलेली असतात. पिअर्स यांची वाक-लांबी त्यांना कुणी सांगितलेलीच नसते. ताण, वजन, घर्षण मांडून कापडाचं खरं अनुकरण करणारं गणितही आहे. संगणक-चित्रणात त्याला 1998 च्या सुमारास मोठी गती मिळाली आणि सिनेमात ते सर्रास वापरतात. मात्र त्याला कापडाचे तेच आकडे लागतात, जे पानावर लिहायचा कुणी कंटाळा केलेला असतो.

तोवर त्यातल्या त्यात भरवशाचं साधन म्हणजे पानाच्या तळाशी ग्राहकांनी टाकलेले फोटो. अंधारलेला जिना, मागे कूलर, वाकडा आरसा. पण तिथे उंची वेगवेगळी, उजेड वेगवेगळा, फोन वेगवेगळे, चाप नाहीत आणि कपडा एक-दोनदा धुतलेलाही. अशा आठ-दहा फोटोंत जो रंग पुन्हा पुन्हा सारखा दिसतो, तो स्टुडिओतल्या रंगापेक्षा खऱ्याच्या जवळ असण्याची शक्यता जास्त. एकेकाच्या चुका वेगवेगळ्या दिशांना जातात आणि एकमेकींना खोडतात. ‘माझी उंची पाच फूट एक, एल घेतला’ असं जिने लिहिलंय, तिला मनातल्या मनात नमस्कार करून पुढे जावं.