पावाची वीट का होते?

मी घरी केलेला पहिला पाव ओट्यावर ठेवला तेव्हा टक् असा आवाज आला. सुरी आत जाईना. शेवटी तो किसून कटलेटना लावला आणि विषय संपवला.

चूक पाण्याची होती. ऊब मिळाली की इडलीचं पीठ लवकर आंबतं, एवढं ज्ञान होतं. म्हणून मैद्यात यीस्ट टाकून वर चांगलं कढत पाणी ओतलं. यीस्ट ही एकपेशीय बुरशी. इन्स्टंट यीस्टच्या चिमूटभर दाण्यांत अब्जावधी पेशी झोपलेल्या असतात. 25 ते 35 अंश सेल्सिअसला त्या खुशीत असतात, 60 अंशांच्या आसपास मरतात. माझ्या पातेल्यात त्यांचा सामूहिक अंत झाला होता. पाण्यात बोट बुडवलं तर जेमतेम कोमट लागावं, उन्हाळ्यात तर माठातलंही चालतं.

यीस्टचं पाकीट मिळत नव्हतं तेव्हा गोव्यातले पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, पीठ फुगवायला माडाची सूर घालत. सुरेत नैसर्गिक यीस्ट असतंच. पायाने तुडवतात म्हणून 'पाव', ही लहानपणी ऐकलेली गोष्ट मात्र खोटी. शब्द पोर्तुगिजांकडून आला.

माझं आताचं प्रमाण असं: 400 ग्रॅम मैदा, 260 मिलि पाणी, 4 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, 8 ग्रॅम मीठ, चमचाभर तेल. मीठ विसरू नका. चवीसाठी तर ते हवंच, शिवाय ते यीस्टला आवरतं आणि पिठाला घट्टपणा देतं.

आता मळणं. गव्हात ग्लूटेनिन आणि ग्लायडिन अशी दोन प्रथिनं असतात. पाणी मिळालं की ती एकमेकांत गुंततात आणि ग्लूटेनचं जाळं तयार होतं. पुरणपोळीची कणीक तिंबून तिंबून तार सुटेपर्यंत मऊ करतात, ते हेच जाळं. पावाचं पीठ दहाएक मिनिटं मळल्यावर लिंबाएवढा गोळा तोडून चार बोटांनी हलकेच ताणून बघा. लगेच फाटला तर अजून मळायचं. न फाटता त्याचा पातळ पडदा झाला आणि त्यातून खिडकीचा उजेड दिसला, तर जमलं. सुरुवातीला पीठ हाताला चिकटतं आणि आपण घाबरून वर मैदा भुरभुरवत सुटतो. विटा होण्याचं हे दुसरं कारण. थांबा, मळत राहा, चिकटपणा आपोआप कमी होतो.

मळण्याचा आणखी एक उपयोग मला फार उशिरा कळला. पावातले बुडबुडे यीस्ट तयार करत नाही! मळताना पिठात हवेचे बारीक बारीक बुडबुडे अडकतात. यीस्ट साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडतं, तो आधी पिठातल्या पाण्यात विरघळतो आणि मग या आयत्या बुडबुड्यांत शिरून त्यांना फुगवतो.

गिरणीची कणीक घेतली तर कोंड्याचे तुकडे हे जाळं जागोजागी तोडतात, आणि ती पाणीही जास्त पिते. पहिल्या वेळी मैदाच बरा. हात बसला की निम्मी कणीक.

पाककृतीत 'एक तास झाकून ठेवा' असं लिहिलेलं असतं, त्याच्याकडे सरळ दुर्लक्ष करावं. पुण्याच्या मे महिन्यात चाळीस मिनिटांत पीठ दुप्पट होतं, डिसेंबरात दोन तासही लागतात. घड्याळ नको, पातेलं बघा. दुप्पट झालं की हलक्या हाताने दाबून, वळकटी करून तेल लावलेल्या साच्यात ठेवायचं आणि पुन्हा फुगू द्यायचं. बोटाने दाबल्यावर खळगा सावकाश भरून आला, की ओव्हनची वेळ झाली.

200 अंशांवर साधारण 35 मिनिटं. पहिल्या काही मिनिटांत आतला वायू प्रसरण पावतो, पाण्याची वाफ होते आणि पाव एकदम उसळतो. मग यीस्ट मरतं, स्टार्च पाणी शोषून फुलतो, ग्लूटेन घट्ट होतं. बंद बुडबुड्यांच्या भिंती फुटून ते एकमेकांना जोडले जातात. फेसाचा स्पंज होतो. आतलं तापमान 100 अंशांच्या वर जातच नाही. बाहेरचा पापुद्रा मात्र सुकून बराच जास्त तापतो, आणि तिथे प्रथिनं व साखर यांच्यात फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ माइयार यांनी 1912 मध्ये वर्णन केलेली अभिक्रिया घडते. तो तपकिरी रंग आणि घरभर पसरणारा वास तिचाच.

इथेच सगळ्यांचा धीर सुटतो. गरम पाव कापला तर आतून गिच्च लागतो, कारण स्टार्च अजून बसलेला नसतो. तासभर जाळीवर राहू द्या. उरलेला पाव फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडाव्यात स्टार्चचे रेणू पुन्हा रांगेत बसतात आणि पाव लवकर शिळा होतो. डब्यात दोन दिवस टिकतो. त्यानंतर कडक झालाच तर तव्यावर तुपात भाजा; उष्णतेने त्या रांगा मोडतात आणि तो परत मऊ पडतो.