अंतरभाषा

अंतरभाषा : दुसरी भाषा शिकणाऱ्याच्या बोलण्या-लिहिण्यात दिसणारी, मातृभाषा आणि लक्ष्यभाषा (शिकली जाणारी भाषा) या दोहोंहून वेगळी, परंतु स्वतःचे नियम असलेली भाषाव्यवस्था. मराठी शिकणारा हिंदीभाषक ‘माझा घर’, ‘ती पुस्तक’ म्हणतो, तेव्हा हिंदीतले लिंग मराठीत उतरलेले असते; हिंदीत ‘घर’ पुल्लिंगी व ‘पुस्तक’ स्त्रीलिंगी, मराठीत दोन्ही नपुंसकलिंगी. मात्र तोच ‘मी काम करले’ म्हणाला, तर हिंदीकडे बोट दाखवता येत नाही. प्रमाण हिंदीत ‘किया’, मराठीत ‘केले’, दोन्ही अनियमित. ‘करले’ हे रूप ‘वाचले’, ‘लिहिले’ यांवरून शिकणाऱ्याने स्वतः बांधलेल्या नियमातून आले आहे. अंतरभाषेच्या कल्पनेला खरा आधार अशा रूपांचाच आहे.

ही संज्ञा सामान्यतः भाषावैज्ञानिक लॅरी सेलिंकर याच्या १९७२ मधील लेखाशी जोडली जाते. त्याच्या १९६९ च्या लेखातही ती आढळते. कल्पनेचे जनकत्व मात्र वादाचे आहे. दोन भाषा बोलणारा त्यांतील सारखे वाटणारे घटक मनात एकच धरतो, हे निरीक्षण युरिएल वाइनराइख याने १९५३ मध्ये मांडले होते व सेलिंकरने ते उचलले. विल्यम नेम्सर याने ‘सन्निकट व्यवस्था’ ही जवळपास तीच कल्पना १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. तिचे मूळ त्याच्या त्याआधीच्या प्रबंधात आहे. अध्यापनाच्या दृष्टीने अधिक मोलाचे ठरते ते पिट कॉर्डर याचे १९६७ चे विवेचन. घाईत वा थकव्याने झालेली चूक आणि नियमच वेगळा असल्याने होणारी चूक यांत त्याने भेद केला, आणि शिकणाऱ्याचा स्वतःचा एक अंगभूत अभ्यासक्रम, म्हणजे शिकवण्याहून वेगळा असा शिकण्याचा क्रम, असतो, असे सुचवले. तोवर रॉबर्ट लॅडो (१९५७) याच्या धर्तीवर दोन भाषांची तुलना करून चुकांचे भाकीत करण्याची पद्धत प्रचलित होती.

१९७३-७४ मध्ये डुले व बर्ट या संशोधकांनी स्पॅनिशभाषक व चिनीभाषक मुले इंग्रजी प्रत्यय जवळपास एकाच क्रमाने आत्मसात करतात, असे दाखवले. ‘-इंग’ आणि अनेकवचन लवकर येतात. वर्तमानकाळी तृतीय पुरुषाचा ‘-स’ बऱ्याच उशिरा, तोही नियम पहिल्याच वर्षी शिकवला गेला असताना. हा क्रम सर्वांना सारखाच लागू आहे, असे पुढे काही काळ मानले गेले. नंतरच्या अभ्यासांत, विशेषतः जपानी व कोरियन भाषकांच्या बाबतीत, मातृभाषेनुसार क्रम बदलत असल्याचे दिसले. हा दुसरा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. मात्र एखाद्या रचनेच्या आतल्या पायऱ्या ठरलेल्या असतात, याला पुष्कळ आधार आहे. इंग्रजी नकारात प्रथम ‘नो’ क्रियापदाच्या आधी लागतो. मग सर्व पुरुषांना व काळांना सरसकट ‘डोन्ट’ (‘ही डोन्ट गो’). ‘डझन्ट’, ‘डिडन्ट’ शेवटी येतात. तेव्हा ‘ही डोन्ट गो’ म्हणणारा विद्यार्थी एक पायरी चढलेला असतो. मानफ्रेड पीनेमान याने १९८४ मध्ये जर्मन शिकणाऱ्या इटालियनभाषक मुलांवरून दाखवले, की आधीची पायरी गाठलेल्या मुलाला पुढची रचना शिकवता येते; न गाठलेला ती वर्गात घोकतो, पण स्वतःच्या बोलण्यात आणत नाही.

प्रगती एका जागी थांबण्याला ‘अश्मीभवन’ म्हणतात. जेमतेम ५ टक्के प्रौढ लक्ष्यभाषा पूर्णपणे आत्मसात करतात, हा सेलिंकरचा आकडा सर्रास उद्धृत होतो. तो अंदाज होता, मोजणी नव्हे. कायमचे थांबणे सिद्ध करणे अवघड असल्याने काही अभ्यासक ‘स्थिरीकरण’ हा सौम्य शब्द पसंत करतात.

मोजणीत बारकावा लागतो. जिथे एखादे रूप येणे अनिवार्य आहे अशा जागा मोजून त्यांपैकी ९० टक्के ठिकाणी ते बरोबर आले, तर ते आत्मसात झाले असे धरतात. यात दोन गोष्टी निसटतात. नको तिथे लावलेला प्रत्यय या मोजणीत येत नाही. म्हणून टेरेसा पिका हिने १९८३ मध्ये अतिवापरही हिशेबात घेतला. दुसरी म्हणजे टाळाटाळ. जॅकलिन शॅक्टर हिला १९७४ मध्ये आढळले, की इंग्रजीतील संबंधी (‘जो… तो’ धर्तीच्या) उपवाक्यांत चिनी व जपानी विद्यार्थ्यांच्या चुका फारसी व अरबी विद्यार्थ्यांपेक्षा कमी होत्या, कारण ते ती रचना फारच कमी वापरत होते. कमी लाल खुणांची वही म्हणूनच चांगली वही ठरत नाही. शंका असल्यास तीच रचना भाग पाडणारे चित्रवर्णन किंवा प्रश्न द्यावा, आणि चूक दिसली तर आधी विद्यार्थ्यालाच दुरुस्त करू द्यावी. त्याला ती दुरुस्त करता आली, तर नियम ठाऊक आहे आणि सराव हवा; न आली, तर नियमच वेगळा आहे.

दुरुस्तीच्या रीतींविषयी लिस्टर व रांटा यांचा १९९७ चा अभ्यास महत्त्वाचा आहे. कॅनडातील फ्रेंच माध्यमाच्या वर्गांत शिक्षक निम्म्याहून अधिक वेळा विद्यार्थ्याचे वाक्य शुद्ध करून परत म्हणत. विद्यार्थ्यांकडून दुरुस्ती सर्वांत कमी त्यातूनच झाली. शुद्ध वाक्य हा नुसता होकार आहे, असा विद्यार्थ्यांचा समज होत असावा. ‘पुन्हा सांग’, ‘काल की उद्या?’ अशा सूचनांनी दुरुस्ती जास्त झाली.

भारतात एन. एस. प्रभू यांच्या बंगळूर प्रकल्पाने (१९७९–८४) इंग्रजी शिकवताना व्याकरणाचा क्रम बाजूला ठेवून रेल्वेचे वेळापत्रक, नकाशा यांसारखी कामे दिली. शिक्षक आधी वर्गासोबत तसेच एक काम सोडवून दाखवी, मग मुले एकेकटी सोडवत. निम्म्या वर्गाला निम्मे काम जमले, तर काठिण्य योग्य, असा ठोकताळा होता. १९८५ च्या मूल्यमापनाचे निष्कर्ष प्रकल्पाला अनुकूल होते. पण तुलनेच्या वर्गांतील फरकांमुळे ते निर्णायक मानले जात नाहीत.

एक मूलभूत आक्षेप भारतीय इंग्रजीच्या संदर्भातच पुढे येतो. जिथे इंग्रजी भारतीयांशीच बोलण्यासाठी वापरली जाते, तिथे ब्रिटिश भाषकाशी तुलना करून प्रत्येक फरकाला ‘अश्मीभवन’ म्हणणे गैर आहे, असे श्रीधर व श्रीधर यांनी १९८६ मध्ये मांडले. पिढ्यान्‌पिढ्या रुजलेली भारतीय इंग्रजीची वळणे आणि आठवीतल्या मुलाचे ‘ही डोन्ट गो’ यांना एकाच मापाने मोजता येत नाही.